फिंगरप्रिंट रीडर रोज सकाळी चालत नाही, बोट परत रजिस्टर केलं की दोन दिवस चालतो, मग पुन्हा तेच

रात्री लॅपटॉपचं झाकण बंद करायचं, सकाळी उघडायचं, बोट ठेवायचं, आणि ढिम्म काही होत नाही. कधी लॉक स्क्रीनवर बोटाचं चिन्हच नसतं, कधी हा पर्याय सध्या उपलब्ध नाही अशा अर्थाचा मेसेज येतो, कधी बोट घेतो पण ओळखता आलं नाही म्हणतो. मग पिन टाकून आत जायचं, सेटिंग्जमधून जुनं बोट काढायचं, नवीन घालायचं, दोन दिवस झकास चालतं आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. माझ्याकडे हे जवळजवळ दोन महिने चाललं. त्यानंतर घरातले आणि ऑफिसातले चार-पाच लॅपटॉप याच तक्रारीसाठी हाताखालून गेले तेव्हा लक्षात आलं की आपण सगळेच एक चूक करतो, रीडर चालेना की लगेच बोट परत रजिस्टर करायला घेतो. ते लगेच करू नका. बहुतेक वेळा बिघाड बोटाच्या नोंदीत नसतोच, नोंद परत करताना मध्ये कुठेतरी आपण मशीन रिस्टार्ट केलेलं असतं आणि खरा गुण त्या रिस्टार्टचा असतो.

काहीही हात लावण्याआधी

हे कळकळीने सांगतोय, हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका. तीन गोष्टी तुमच्याकडे आहेत का बघा: पिन आठवतोय का, अकाउंटचा पासवर्ड आठवतोय का, आणि डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, असेल तर तिची रिकव्हरी की कुठे आहे. विंडोजमध्ये हे कुलूप बिटलॉकर लावतं, त्याची रिकव्हरी की ४८ अंकी असते. अनेकांना आपली डिस्क एन्क्रिप्ट आहे हेच माहीत नसतं, कारण नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं आणि रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसलेली असते. ती शोधा, कागदावर उतरवा किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, फक्त त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

कारण सांगतो. माझ्या मामेभावाला कोणीतरी सांगितलं की बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन टीपीएम क्लिअर केला की फिंगरप्रिंट परत चालू लागतो. त्याने केलं. पुढच्या वेळी मशीन चालू झालं ते निळ्या स्क्रीनवर ४८ अंक मागत. टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरची ती चिप जिच्यात पिनशी बांधलेल्या किल्ल्या असतात आणि बिटलॉकरची किल्ली उघडून देण्याचं कामही तीच करते, ती रिकामी केली की पिन गेला, बोट गेलं आणि डिस्क पण आपोआप उघडायची बंद झाली. दुपारपर्यंत आम्ही त्याची सगळी ईमेल अकाउंट एकेक करून उघडत होतो, शेवटी रिकव्हरी की सापडली ती कॉलेजात असताना काढलेल्या एका जुन्या अकाउंटमध्ये. नसती सापडली तर सहा वर्षांचे फोटो आणि कामाच्या फाईली तिथेच संपल्या होत्या, रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही निघालं नसतं.

यातून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बोट ही किल्ली नाही. किल्ली एका अंकानेही चुकून चालत नाही, आणि बोटाचा ठसा दर वेळी थोडा वेगळाच येतो, कधी तिरका, कधी अर्धा, कधी जरा ओला. रीडर फक्त आधीच्या नोंदीशी पुरेसं जुळतंय का एवढंच बघतो. जुळलं की टीपीएम किंवा तशीच दुसरी चिप खरी किल्ली बाहेर काढते. म्हणजे रीडर हा दारावरचा राखणदार, तो चेहरा ओळखून किल्ली काढून देतो. राखणदार आजारी पडला तर पिनने काम भागतं, पण किल्लीच हरवली तर कितीही चांगला राखणदार आणला तरी दार उघडत नाही. लोक फाईलींच्या सुरक्षिततेसाठी रीडर घेतात आणि मग सगळा भरवसा बोटावर टाकून पासवर्ड विसरून जातात, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

तुमची तक्रार नेमकी कोणती

'फिंगरप्रिंट चालत नाही' या तीन शब्दांत तीन वेगळे आजार असतात. एक, रीडर मशीनला दिसतच नाही. दोन, रीडर दिसतो, बोट घेतो, पण ओळखत नाही. तीन, रीडर ठणठणीत आहे, बोट ओळखतो, पण तरी सिस्टिम पिन किंवा पासवर्ड मागतेच. तिसरा तर बहुतेक वेळा बिघाड नसतोच.

ओळखायचं कसं? विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि बायोमेट्रिक डिव्हाइसेस नावाचा गट आहे का बघा. गटच नाही, किंवा आहे पण रीडरच्या नावावर पिवळा त्रिकोण आहे, तर पहिला आजार. पण हे रीडर बंद पडलेला असतानाच बघायचं, रिस्टार्टच्या आधी, नंतर बघून काही उपयोग नाही कारण तोपर्यंत सगळं हिरवंगार झालेलं असतं. मी पहिले कितीतरी दिवस हेच चुकवलं, वैतागून आधी रिस्टार्ट करायचो आणि मग तपासायचो.

शेवटी एक आठवडा वहीत नोंद ठेवली. किती वाजता झाकण बंद केलं, किती वाजता उघडलं, चार्जर लावलेला होता का, रीडर चालला का. जेवायला जाताना अर्धा तास बंद ठेवलं तर रीडर चालायचा. दोन तास बंद ठेवलं तरी चालायचा. रात्रभर चार्जर लावून ठेवलं तर चालायचा. रात्रभर बॅटरीवर ठेवलं की सकाळी हमखास मेलेला. सहाव्या दिवशी सकाळी पिनने आत जाऊन आधी डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर रीडरवर पिवळा त्रिकोण, आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड १०, म्हणजे डिव्हाइस सुरूच होऊ शकत नाही. तिथे कळलं की बोटाचा काही संबंध नाही, हा वीज वाचवण्याचा प्रकार आहे.

रीडर दिसतच नसेल तर

लॅपटॉपमधला रीडर बहुतेक करून आतून यूएसबीलाच जोडलेला असतो, बाहेरून दिसत नसला तरी. त्यामुळे यूएसबीला वीज वाचवण्यासाठी झोपवलं की तोही झोपतो, आणि काही मशीनवर उठताना उठतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रीडरवर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंट नावाचा टॅब असेल तर त्यात वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करण्याची परवानगी असा चौकोन असतो, त्यातली टिक काढा. माझ्याकडे हा टॅबच नव्हता. अशा वेळी खाली युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्समध्ये यूएसबी रूट हब असतात, त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये तीच टिक असते, ती काढली. पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड पण असतं, ते बंद करून बघता येतं, मात्र नव्या बऱ्याच लॅपटॉपवर ते दिसतच नाही, दिसलं नाही तर सोडून द्या.

माझं निम्मं काम इथे झालं. उरलेलं निम्मं फास्ट स्टार्टअपने अडवलं होतं. विंडोजमध्ये शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद असा आपला समज असतो पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात, म्हणजे ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत झोपला असेल तर बिघडलेल्या अवस्थेतच उठणार. रिस्टार्ट मात्र खरा पूर्ण असतो. म्हणूनच 'रात्री बंद करून सकाळी चालू केला तरी रीडर चालत नाही पण रिस्टार्ट केला की चालतो' ही तक्रार इतके जण करतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवर बटण दाबल्यावर काय करायचं ते निवडा असं पान आहे, तिथे फास्ट स्टार्टअपची टिक काढा. ती काढायची नसेल तर शिफ्ट की दाबून ठेवून शटडाऊनवर क्लिक करा, त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं.

आता ड्रायव्हर. रीडर बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, गुडिक्स, सिनॅप्टिक्स, एलान अशी नावं डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतील, पण ड्रायव्हर घ्यायचा तो तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचा. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर घालू नका, सुरक्षिततेसाठी बसवलेल्या उपकरणाचा ड्रायव्हर भलत्याच ठिकाणाहून आणण्यात काही अर्थ नाही. त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक करून बघा. रोल बॅक राखाडी असेल तर डिव्हाइस अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हर पण काढून टाका असा चौकोन येतो त्यावर टिक करा, रिस्टार्ट करा आणि मग साइटवरून घेतलेला घाला.

एवढं करूनही गट दिसतच नसेल तर मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. यात साठून राहिलेली वीज निघून जाते आणि अडकलेली चिप मोकळी होते. ऐकायला जादूटोणा वाटेल, पण माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर याच एका गोष्टीने काम झालं. आणि बायॉसमध्ये डोकावून फिंगरप्रिंट रीडर डिसेबल तर नाही ना बघा. बायॉस अपडेट करायचा विचार असेल तर आधी बिटलॉकर सस्पेंड करा, नाहीतर पुन्हा ते ४८ अंक.

रीडर बाहेरून यूएसबीला लावलेला असेल आणि विंडोज ११ त्याला घेतच नसेल तर एक वेगळीच गोष्ट तपासा. काही नव्या मशीनवर साइन-इनसाठी जास्त कडक सुरक्षा चालू असते आणि त्यात फक्त तपासलेले, बहुतेक करून आतले सेन्सर चालतात. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे बाहेरचा कॅमेरा किंवा फिंगरप्रिंट रीडर वापरण्याचा एक स्विच असतो. तो चालू केला की बाहेरचा रीडर चालतो पण त्या बदल्यात ती जादा सुरक्षा सोडावी लागते, तेव्हा समजून करा.

ऑफिसचं मशीन असेल तर एवढा खटाटोप करण्याआधी आयटीवाल्यांना विचारा, त्यांनी ग्रुप पॉलिसीतून (ऑफिसच्या मशीनना लावलेल्या नियमांतून) बायोमेट्रिक बंद केलेलं असेल तर तुमच्याकडून काहीच होणार नाही.

रीडर दिसतो पण बोट ओळखत नाही

इथे खरंच बोटाकडे बघावं लागतं. माझे वडील सुतारकाम करतात. त्यांच्या लॅपटॉपवर दहादा बोट ठेवलं तर दोनदा उघडायचा आणि ते म्हणायचे, मशीन भिकार आहे. एकदा त्यांचा हात खिडकीपाशी उजेडात धरून बघितला. उजव्या तर्जनीच्या पेरावर, जिथे आपल्याला बारीक रेषांची गोल वळणं दिसतात, तिथे मधोमध गुळगुळीत चकाकता पट्टा होता, पॉलिश पेपर धरून धरून झिजलेला, आणि त्याला तिरकी छेदणारी एक जुनी पांढरी खूण, पटाशी लागलेली. वाचायला तिथे रेषाच नव्हत्या. डाव्या हाताची अनामिका बघितली तर रेषा अगदी ठळक, त्या बोटाला फारसं काम पडत नसावं. ती रजिस्टर केली आणि प्रश्न मिटला, त्यांना सवय व्हायला मात्र आठवडा गेला.

आजकालचे बहुतेक रीडर कपॅसिटिव्ह असतात. बोटाच्या उंच रेषा सेन्सरला टेकतात, मधल्या खोबणी टेकत नाहीत, आणि त्या दोन्हींतला विजेचा बारीक फरक मोजून चित्र तयार होतं. यावरून सगळं समजतं. हात कोरडे पडले, थंडीत फुटले, तर रेषा नीट टेकत नाहीत. भांडी घासून किंवा आंघोळ करून आलात तर खोबणींत पाणी भरतं, शिवाय कातडी सुरकुतलेली असते, चित्र सगळं एकसारखं होतं. हाताला क्रीम लावलं असेल तर त्याचा थर सेन्सरवर बसतो आणि पुढच्या माणसालाही त्रास. सेन्सर मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसा, नखाने खरवडू नका. बोट कोरडं ठणठणीत असेल तर त्यावर एक फुंकर मारून ठेवा, तेवढा दमटपणा पुरतो.

आणि रजिस्टर करतानाची चूक. सेन्सर केवढासा असतो, त्यावर बोटाचा एक तुकडाच मावतो, म्हणून तर तो पुन्हा पुन्हा बोट उचलून ठेवायला सांगतो. आपण त्या वेळी खुर्चीत सरळ बसून बोट अगदी मधोमध, सरळ ठेवतो, दहाही वेळा तसंच. प्रत्यक्षात रोज आपण लॅपटॉप उघडता उघडता तिरकं, शेंड्याने, घाईत बोट टेकवतो, आणि तो भाग त्याने कधी बघितलेलाच नसतो. तेव्हा रजिस्टर करताना रोजच्यासारखे बसा, रोज ज्या बाजूने हात येतो तसाच आणा, आणि दर वेळी बोट थोडं सरकवा, शेंडा, डावी कड, उजवी कड. पॉवर बटणात रीडर असेल तर हे आणखीच महत्त्वाचं, तिथे बोट कधीच सरळ येत नाही. विंडोजमध्ये एका अकाउंटला दहा बोटं घालता येतात, दोन हातांची मिळून निदान तीन तरी घाला, एखाद्या बोटाला कापलं, पट्टी बांधली तर अडायला होत नाही.

हे सगळं नीट करूनही कालपर्यंत ओळखणारा रीडर आज एकही बोट ओळखत नसेल तरच नोंदींचा डेटाबेस खराब झाला असं समजा. मग हे करा. सेटिंग्जमधून सगळी बोटं काढा. सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज बायोमेट्रिक सर्व्हिस थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात विनबायोडेटाबेस (WinBioDatabase) नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या फाईली डिलीट न करता दुसरीकडे हलवून ठेवा, सर्व्हिस परत चालू करा, रिस्टार्ट करा आणि बोटं नव्याने घाला. त्या मशीनवर अजून कोणाचं अकाउंट असेल तर त्यांचीही बोटं जातील, आधी सांगून ठेवा. काय बिघडलंय त्याचा अंदाज लागत नसेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, बायोमेट्रिक्स असं शोधत गेलं की ऑपरेशनल नावाची नोंदवही सापडते, बोट ठेवलं तेव्हा नेमकं काय झालं ते तिथे वेळेसकट असतं.

ओळखतो तरी पासवर्ड का मागतो

मॅकवाल्यांची ही तक्रार सगळ्यात जास्त. मशीन रिस्टार्ट केलं की टच आयडी चालत नाही, पासवर्डच लागतो. ते तसंच ठरवलेलं आहे. फाईलव्हॉल्ट, म्हणजे मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर मशीन चालू होताना डिस्क कुलूपबंद असते आणि ती उघडायला पासवर्डच पाहिजे, वर म्हटलं तसं बोट ही किल्ली नाही. शिवाय पाच वेळा बोट जुळलं नाही किंवा ४८ तास मशीन उघडलंच नाही तरीही पासवर्ड मागतो. अॅपलने स्वतः दिलेला आकडा असा आहे की एका नोंदवलेल्या बोटाशी भलत्याच माणसाचं बोट जुळण्याची शक्यता ५०,००० मध्ये १ असते, म्हणून प्रयत्न मोजून पाचच. मला स्वतःला हे अधूनमधून पासवर्ड मागणं आवडतं, त्यामुळे तो विसरला जात नाही.

लिनक्सवर आणखी एक प्रकार. बोटाने लॉगिन झालं, डेस्कटॉप आला, आणि लगेच एक खिडकी उघडून कीरिंगचा पासवर्ड मागते. लोक याला बग म्हणतात. जीनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये तुमचे वायफायचे वगैरे पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवलेले असतात आणि ते लॉगिनच्या पासवर्डने उघडतात, तुम्ही पासवर्ड टाकलाच नाही तर ते उघडणार कशाने? काही जण उपाय म्हणून कीरिंगचा पासवर्डच रिकामा ठेवतात. करू नका हो, मग ते सगळे पासवर्ड डिस्कवर उघडेच पडतात. मशीन चालू केल्यावर पहिलं लॉगिन पासवर्डने करा, नंतर दिवसभर लॉक उघडायला बोट वापरा. पासवर्ड मॅनेजरचंही तसंच असतं, कीपासएक्ससीमध्ये बोटाने पटकन उघडण्याची सोय आहे पण ती सुरुवातीला एकदा मुख्य पासवर्ड दिल्यावरच चालू होते.

लिनक्सवर रीडर दिसतो का ते बघायला टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) द्या, बोट ओळखतो का बघायला एफप्रिंटडी व्हेरिफाय (fprintd-verify). लिबएफप्रिंट, म्हणजे लिनक्सवर रीडर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या यादीत तुमचा सेन्सर नसेल तर तिथेच थांबावं लागतं, त्याला इलाज नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक गुंता होतो तो मला फार उशिरा कळला. नव्या बऱ्याच सेन्सरमध्ये बोटाची नोंद चिपच्या आतच राहते आणि जुळवाजुळवही तिथेच होते. विंडोजमध्ये घातलेलं बोट चिपमध्ये असतं पण लिनक्सला त्याची कल्पना नसते, तिथे तेच बोट घालायला गेलं की आधीच नोंद आहे म्हणून नाकारतो, किंवा नुसताच अर्ध्यात अडकतो. उपाय म्हणजे विंडोजमधून ते बोट काढायचं, किंवा बायॉसमध्ये फिंगरप्रिंट डेटा रीसेट असा पर्याय काही लॅपटॉपवर असतो तो वापरायचा, आणि मग दोन्हीकडे वेगवेगळी बोटं ठेवायची, विंडोजला उजवी तर्जनी, लिनक्सला डावी.

फाईली आणि फोल्डर बोटाने लॉक करणारी सॉफ्टवेअर

जुन्या लॅपटॉपांसोबत रीडरचं स्वतःचं सॉफ्टवेअर यायचं, त्यात पासवर्ड साठवायचे, फोल्डरला कुलूप लावायचं वगैरे. अजून कोणी ते वापरत असेल तर आजच त्यातल्या फाईली बाहेर काढा. २०१२ मध्ये एल्कमसॉफ्ट या पासवर्ड रिकव्हरीवाल्या कंपनीने दाखवून दिलं की युपेक कंपनीच्या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये विंडोजचा पासवर्ड रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) जवळजवळ उघडाच पडलेला असतो. २०१८ मध्ये लेनोवोने आपल्या फिंगरप्रिंट मॅनेजर प्रोमधली कमतरता जाहीर करून ती दुरुस्त केली, विंडोज ७, ८ आणि ८.१ साठीच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड कमकुवत एन्क्रिप्शनने ठेवले जायचे आणि आत एक ठरलेला पासवर्ड लिहिलेला होता. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, विंडोज हॅलो, म्हणजे बोट, चेहरा किंवा पिनने लॉगिनची सोय, सिस्टिममध्येच आहे, वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज उरलेली नाही.

फाईलींसाठी माझा सल्ला साधा आहे. अख्खी डिस्क बिटलॉकर, फाईलव्हॉल्ट किंवा लिनक्सवर लक्सने एन्क्रिप्ट करा, अगदी खाजगी फाईली त्याच्या आत व्हेराक्रिप्टसारख्या वेगळ्या पासवर्डच्या डब्यात ठेवा, आणि बोट फक्त लॉक स्क्रीनपुरतं वापरा. विंडोज प्रोमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून एन्क्रिप्ट करायची सोय असते, ती वापरत असाल तर तिचं सर्टिफिकेट, म्हणजे त्या फाईलींची किल्ली, एक्सपोर्ट करून बाहेर ठेवा. लोकल अकाउंटचा पासवर्ड विसरला म्हणून दुसऱ्या अॅडमिनने तो जबरदस्तीने बदलला तर त्या फाईली परत उघडत नाहीत, आणि हे करणाऱ्याला एक इशारा येतो जो कोणी वाचत नाही. बोटाने उघडणाऱ्या पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत कधीच ठेवू नका, त्यातला रीडर गेला आणि पासवर्डची दुसरी वाट नसेल तर आतलं सगळं गेलं.

बोट कितपत सुरक्षित, हे पण विचारतात. २०२३ मध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्सच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यावरून तीन लॅपटॉप तपासले, डेलचा इन्स्पिरॉन १५, लेनोवोचा थिंकपॅड टी१४ आणि सरफेस प्रोचा कीबोर्ड, आणि तिन्हींवर विंडोज हॅलोचं फिंगरप्रिंट लॉगिन चुकवून दाखवलं. सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्यातलं बोलणं सुरक्षित ठेवायला मायक्रोसॉफ्टने एसडीसीपी नावाची पद्धत दिलेली होती, ती तिघांपैकी दोघांवर चालूच नव्हती. यासाठी लॅपटॉप हातात लागतो आणि बरंच ज्ञान लागतं, येताजाता कोणी करणार नाही. मला त्यापेक्षा पिनची जास्त भीती वाटते. बोट कितीही चांगलं असलं तरी शेजारी पिनचं दार उघडंच असतं आणि तिथे लोक १२३४ किंवा जन्मसाल ठेवतात. विंडोजमध्ये पिन बदलताना अक्षरं आणि चिन्हं घेण्याचा चौकोन असतो, त्यावर टिक करा आणि लांब पिन ठेवा, रोज बोटच वापरायचं असल्याने टाकायचा त्रास क्वचितच होतो.

शेवटचं, लॅपटॉप विकताना, कोणाला देताना किंवा दुरुस्तीला टाकताना आधी सेटिंग्जमधून बोटं काढा, नुसता फॉरमॅट मारून भागत नाही, कारण चिपमध्ये नोंद ठेवणाऱ्या सेन्सरला फॉरमॅटचा पत्ताच नसतो. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला तर बोटं नव्याने घालावी लागतील आणि बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की लागेलच, ती बरोबर घेऊन जा. मॅकच्या टच आयडीचं बटण त्या मशीनच्या चिपशी जोडी लावलेलं असतं, बाहेर कुठेतरी बटण बदलून घेतलं आणि जोडी लावली गेली नाही तर बोट चालणार नाही, मग कितीदा रजिस्टर केलं तरी काही होत नाही.